त्याच ड्रम किटमधून नवे आवाज: हेडपासून ट्रिगरपर्यंत, कशानंतर काय घ्यावं

ड्रम नियमित वाजवायला लागल्यावर कधी ना कधी एक गोष्ट खटकायला लागते. गाणी बदलतात, लय बदलते, पण किट मात्र प्रत्येक गाण्यात तसाच वाजतो. मग पहिला विचार येतो तो आणखी एक टॉम (खाली तारा नसलेला ड्रम) किंवा आणखी एक क्रॅश (जोराच्या ठोक्यांची सिंबल, म्हणजे स्टँडवरची झांज) घेण्याचा. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात तिथून करू नये. दोन टॉमच्या मध्ये तिसरा आला की फिल (ठेक्याच्या मधली छोटी भर) थोडा लांबतो, इतकंच. ड्रमवर काय आपटतंय, नेमकं कुठे आपटतंय आणि आपटल्यावर तो किती वेळ वाजत राहतो, या तीन गोष्टींत फरक पडला की किटचा स्वभावच बदलतो. त्यासाठी लागणाऱ्या बऱ्याचशा वस्तू स्टिक बॅगेत मावतात.

किटला जास्तीचे आवाज जोडण्याची हौस किटइतकीच जुनी आहे. मूकपटांच्या काळातले ड्रमर बास ड्रमभोवती वुडब्लॉक, काउबेल, टेंपल ब्लॉक, शिट्ट्या असा मोठा पसारा मांडून बसायचे. १९०९ मध्ये विल्यम लुडविग यांनी पायाने चालणारं वेगवान पेडल आणलं. बास ड्रमची जबाबदारी पायाकडे गेल्यावर हातांना इतर वाद्यांसाठी सवड मिळाली.

आधी कमतरता शोधा

काहीही विकत घेण्याआधी तुम्ही सध्या वाजवत असलेली दहा-बारा गाणी घ्या आणि सराव मोबाइलवर रेकॉर्ड करा. मोबाइल किटपासून चार-पाच पावलं लांब ठेवा, नाहीतर सिंबलच्या आवाजात बाकी सगळं बुडून जातं. ऐकताना कागदावर प्रत्येक गाण्यापुढे एकच गोष्ट लिहा: इथे कोणता आवाज हवा होता आणि मिळाला नाही. ‘कडव्यात स्नेअर फार मोठा’, ‘शेवटचा क्रॅश लवकर थांबायला हवा’, ‘टाळ्यांसारखं काहीतरी हवं’ असं साध्या भाषेत लिहा. (स्नेअर म्हणजे खाली तारांचा पट्टा असलेला ड्रम.) यादी झाली की लक्षात येतं की निम्म्याहून जास्त अडचणी जास्त लांब वाजणाऱ्या किंवा जास्त मोठ्या आवाजाच्या आहेत. म्हणजे तिथे नवं वाद्य लागतच नाही.

हेड आणि ट्यूनिंग

सगळ्यात जास्त फरक हेडने, म्हणजे ड्रमवर ताणलेल्या पडद्याने, पडतो, म्हणून या पायरीवर घाई करू नका. आजची हेड पॉलिस्टर फिल्मची असतात. १९५७ च्या सुमारास ती बाजारात आली आणि दमट हवेत सैल पडणारं कातडं हळूहळू मागे पडलं. जाडी ‘मिल’ मध्ये मोजतात. १ मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एकपदरी हेड साधारण १० मिलचं असतं. ते मोकळं वाजतं, हलक्या ठोक्यालाही प्रतिसाद देतं आणि ड्रमचे वरचे सूर ऐकू येऊ देतं. दुपदरी हेडमध्ये बहुधा ७ मिलचे दोन थर असतात. आवाज जाड, आटोपशीर, आणि जोरात वाजवणाऱ्यांकडे ते जास्त टिकतं. स्नेअरच्या खालचं हेड मात्र अगदी पातळ, साधारण ३ मिलचं असतं, आणि त्यावर कधीही स्टिक मारायची नसते.

दुसरा प्रश्न पृष्ठभागाचा. पांढरट, खरखरीत कोटेड हेडचा आवाज थोडा उबदार असतो, पारदर्शक हेडचा ठोका जास्त टोकदार येतो. पुढे ब्रश वाजवायचे असतील तर स्नेअरवर कोटेडच हवं. गुळगुळीत हेडवर ब्रश फिरवला तर सरसर येतच नाही.

हेड बदलताना जुनं काढल्यावर शेलची (ड्रमच्या पोकळ अंगाची) कड कोरड्या फडक्याने पुसून घ्या आणि त्यावरून बोट फिरवून कुठे खळगा तर नाही ना ते पाहा. नवं हेड ठेवा, हूप (हेड दाबून धरणारं कडं) बसवा आणि सगळे टेन्शन रॉड (हेड ताणणारे स्क्रू) आधी नुसत्या बोटांनी घट्ट करा. मग चावी घ्या. एका रॉडला अर्धा फेरा दिला की त्याच्या समोरच्या रॉडला अर्धा, अशा तिरक्या क्रमाने फिरत राहा. सुरकुत्या गेल्या की प्रत्येक लगसमोर (रॉड ज्यात बसतो तो भाग), काठापासून तीनेक सेंटिमीटर आत, स्टिकच्या टोकाने हलकेच टिचकी मारा. सगळीकडे एकच सूर यायला हवा. जिथे सूर खाली आहे तिथे पाव फेरा द्या. मधोमध एक बोट टेकवून ठेवलंत तर प्रत्येक लगचा सूर वेगळा ऐकू येतो.

टॉमला वरचं आणि खालचं हेड एकाच सुरात असेल तर आवाज सर्वांत लांब घुमतो. खालचं थोडं चढं केलं की घुमणं आखूड होतं आणि सूर नेमका ऐकू येतो. पुष्कळ जण फक्त वरचं हेड पिळत बसतात आणि खालच्याला वर्षानुवर्षं हातही लावत नाहीत. तुमच्या यादीत ‘टॉम भोंगळ वाटतो’ असं असेल तर उत्तर बहुतेक वेळा खालच्या हेडमध्ये सापडतं.

आवाज आखडून घेणं

डॅम्पिंगसाठी चिकट जेलचे तुकडे मिळतात, प्लास्टिकच्या रिंगा मिळतात आणि साधी गॅफर टेपही चालते. जेलचा एक तुकडा काठाजवळ लावा, ऐका, पुरेसं नसेल तरच दुसरा. तुकडा मध्याकडे सरकेल तसा त्याचा परिणाम वाढत जातो. बीटल्सच्या उत्तरकाळातल्या रेकॉर्डिंगमध्ये रिंगो स्टार टॉमवर टी टॉवेल टाकून वाजवायचे. तो बसका, कोरडा आवाज आजही तसाच मिळतो. कोणतंही पातळ सुती फडकं त्यासाठी पुरतं.

मला सगळ्यात आवडणारा उपाय बिजागरीचा. टिश्यू पेपरची बोटभर रुंद जाडसर घडी करा. ती हेडवर ठेवा, पण टेप फक्त हूपच्या बाजूच्या कडेला लावा. आतली कड मोकळी राहू द्या. ठोका पडला की घडी क्षणभर उचलली जाते, तेवढ्यात ड्रम पूर्ण वाजून घेतो, आणि घडी परत खाली पडली की आवाज मिटतो. ठोक्याचा भरीवपणा राहतो, मागची रेंगाळ जाते.

जुनं हेडही टाकून देऊ नका. त्याचा धातूचा कडा आणि वळलेला भाग कापून सपाट चकती काढा आणि ती स्नेअरवर नुसती ठेवा. स्नेअर एकदम खालच्या सुरात, आखूड आणि जाड वाजतो. गाण्याच्या कडव्यापुरती चकती ठेवून ध्रुवपदाला उचलून घेतली की एकाच ड्रमचे दोन ड्रम होतात. मधला भाग कापून फक्त दोन-तीन सेंटिमीटरची रिंग ठेवली तर परिणाम सौम्य होतो.

बास ड्रममध्ये उशी किंवा घडी केलेला टॉवेल ठेवताना तो दोन्ही हेडना जेमतेम टेकेल इतकाच ठेवा. पूर्ण भरून टाकलेला किक (बास ड्रम) जवळून छान वाटतो, पण माइक नसेल तर चार ओळी मागे पोचत नाही.

हातात काय धरता

बहुतेकांकडे ५ए मापाच्या स्टिक असतात, आणि ते माप खरंच सर्वांत सोयीचं आहे. ७ए त्याहून बारीक, ५बी जाड, २बी आणखी जाड. आकडा वाढला की स्टिक बारीक होते, हे सुरुवातीला उलटं वाटतं. लाकडात हिकरी सर्वसाधारण वापराची, मेपल हलकी, ओक जड. पण आवाजासाठी टोकाकडेही बघा. नायलॉनचं टोक राइडवर (ठेका धरायच्या मोठ्या सिंबलवर) टणटणीत, स्पष्ट वाजतं; लाकडाचं टोक काहीसं मऊ. राइड गर्दीत हरवत असेल तर नवी राइड घेण्याआधी नायलॉन टोकाची एक जोडी वापरून पाहा.

बारीक काड्यांची जुडी असलेले रॉड्स ही पहिली खरेदी असावी असं मी नेहमी सांगतो. प्रोमार्कच्या हॉट रॉड्समध्ये बर्चच्या १९ काड्या एकत्र बांधलेल्या असतात. आवाज लहान होतो पण वाजवण्याचा जोम तसाच ठेवता येतो, त्यामुळे छोट्या जागेत किंवा अकूस्टिक गिटारबरोबर ते फार उपयोगी पडतात. मात्र रिमशॉट (हेड आणि काठ एकदम वाजवणारा ठोका) मारू नका, काड्या लगेच तुटतात. राइडवर त्यांच्याकडून स्पष्ट ‘टिंग’ची अपेक्षाही ठेवू नका.

तारेचे ब्रश शिकायला वेळ लागतो, कारण त्यात ठोक्याइतकंच महत्त्व घासण्याला आहे. डाव्या हाताने स्नेअरवर सलग वर्तुळ फिरवायचं, दर दोन मात्रांना एक फेरा. उजव्या हाताने त्यावर हलके ठोके. वर्तुळात खंड पडला की लगेच कळतं. आत ओढता येणारे ब्रश घ्या, म्हणजे तारा बॅगेत वाकत नाहीत. तारा किती बाहेर काढता यावरही त्यांचा पसारा आणि कडकपणा ठरतो.

फेल्टचे मॅलेट सिंबलवर हळूहळू चढत जाणारा आवाज काढण्यासाठी असतात. दोन्ही मॅलेट सिंबलच्या समोरासमोरच्या कडांवर ठेवा, एकाच कडेवर नाही. तसं केलं की सिंबल झुलत नाही आणि आवाज सलग वाढतो. स्नेअरच्या वायर बंद करून टॉम आणि फ्लोअर टॉमवर हेच मॅलेट वापरले की संथ गाण्याची सुरुवात भारदस्त होते.

आणि ज्याला काहीच लागत नाही असा क्रॉस-स्टिक. स्टिक उलटी धरून टोक हेडवर टेकवा आणि जाड बाजू रिमवर पाडा. आता स्टिक सेंटिमीटरभर पुढे-मागे सरकवत ठोके मारत राहा. एका जागी आवाज अचानक भरीव लाकडी होतो. ती जागा सापडली की स्टिकवर पेन्सिलने खूण करा.

स्नेअर आणि दुसरा स्नेअर

खालच्या वायरचा पट्टा बदलणं हे स्वस्तातलं काम आहे, पण फारसं कुणाला सुचत नाही. सर्वसाधारण पट्ट्यात २० तारा असतात. ४२ तारांचा रुंद पट्टा लावला की सळसळ वाढते आणि ड्रमचा मूळ सूर मागे जातो. कमी तारांचा पट्टा उलट वागतो.

तरीही दोन टोकांचे आवाज एकाच गाण्यात हवे असतील तर दुसरा स्नेअर लागतो. मुख्य स्नेअर बहुधा १४ इंच व्यासाचा असतो, तेव्हा दुसरा त्याच्यासारखाच घेऊन उपयोग नाही. हाय-हॅटच्या (पायाने मिटणाऱ्या जोड सिंबलच्या) डावीकडे १० किंवा १२ इंची, चढा ट्यून केलेला ठेवा, किंवा खोल शेलचा, खूप खाली ट्यून केलेला. वाजवत नसताना त्याच्या वायर बंद ठेवा, नाहीतर किकच्या प्रत्येक ठोक्याला तो बाजूला बसून गुणगुणत राहतो.

सिंबल

चांगल्या सिंबलसाठी सामान्यतः बी२० कांसं वापरतात, म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. बी८ मध्ये कथील ८ टक्के असतं. त्याचा आवाज थेट, झगझगीत आणि कमी गुंतागुंतीचा. क्रॅश-राइड बदलण्याआधी तीन लहान गोष्टींचा विचार करा.

पहिली, ८ किंवा १० इंची स्प्लॅश. पटकन उमटते, पटकन विरते. क्रॅश जिथे वाक्य संपवल्यासारखा वाटतो तिथे स्प्लॅश फक्त स्वल्पविराम देते. दुसरी, चायना. तिची कड उलटी वळलेली असते आणि आवाज करकरीत, थोडा रागीट. बरेच जण ती उपडी लावतात, कारण मग स्टिक उभ्या कडेवर न आपटता वळणावरून घसरते, आणि स्टिक आणि सिंबल दोन्ही टिकतात.

तिसरी गोष्ट म्हणजे स्टॅक, आणि माझ्या मते पैशाच्या मानाने सर्वांत जास्त देणारी. दोन सिंबल एकावर एक ठेवून विंग नटने दाबायच्या, बस. खाली चायना किंवा जुना क्रॅश, वर स्प्लॅश. नट सैल असेल तर आवाज फसफसत थोडा लांबतो. आवळला की ‘टचक्’ असा टाळीसारखा कोरडा ठोका मिळतो. यादीत ‘टाळ्यांसारखं काहीतरी’ लिहिलं होतं, त्याचं उत्तर इथे आहे. तडा गेलेली सिंबल एकटी वाजवण्याच्या लायकीची राहत नाही, पण स्टॅकमध्ये ती उत्तम काम देते. म्हणून आधी घरातल्या जुन्या सिंबल एकमेकींवर ठेवून पाहा, वरखाली अदलाबदल करा, एक उपडी करून पाहा. तयार स्टॅक विकत घ्यायची वेळ त्यानंतरची.

राइडला पावसासारखी सळसळ हवी असेल तर भोकं पाडून रिव्हेट बसवायची गरज नाही. मण्यांची बारीक साखळी विंग नटला अडकवून सिंबलच्या पृष्ठभागावर लोंबती सोडा. नको तेव्हा काढून ठेवता येते.

सिंबल लावताना स्टँडच्या दांड्यावर प्लास्टिकची नळी आहे का ते दर वेळी बघा. ती नसली तर धातू धातूवर घासत राहतो आणि मधलं गोल भोक चावीच्या भोकासारखं लांबट होतं. वर-खाली फेल्ट हवेत आणि नट इतकाच आवळा की सिंबल मोकळी हलेल. घट्ट पिळलेली सिंबल लवकर तडकते.

हाताशी असलेली छोटी वाद्यं

काउबेल, जॅम ब्लॉक, टँबोरिन, शेकर, चाइम्स. यांतली एक-दोनच निवडा. काउबेलच्या तोंडाच्या कडेवर स्टिकचा खांदा पाडला तर आवाज जाड आणि उघडा येतो. वरच्या सपाट भागावर टोकाने वाजवलं तर बारीक. फार वाजत असेल तर आतून टेपची पट्टी लावा. बास ड्रमच्या हूपवर क्लॅम्प लावताना मध्ये रबराचा तुकडा ठेवा म्हणजे लाकडावर वळ उठत नाहीत.

हाय-हॅटच्या दांड्यावर बसणारी झांजांची रिंग फार कामाची आहे. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डावा पाय पडला की टँबोरिन आपोआप वाजते, हात मोकळेच राहतात. शेकरसाठी वेगळं काही बसवण्याची गरज नाही. कडव्यात उजव्या हाताने हाय-हॅटऐवजी शेकर, डाव्याने क्रॉस-स्टिक, एवढ्याने गाण्याचा पोत पूर्ण बदलतो. मात्र शेकर खाली ठेवून स्टिक उचलायला किती मात्रा लागतात हे आधी मोजून घ्या, आणि स्टिक होल्डर त्याच हाताच्या बाजूला लावा.

पायांसाठी

किकच्या बीटरचं डोकं बदलून पाहा. फेल्टचा ठोका गोल येतो, प्लास्टिक किंवा लाकडाचा टोकदार. कडक बीटर वापरणार असाल तर ठोका पडतो तिथे हेडवर पॅच चिकटवा. डबल पेडल मात्र संगीताची गरज असेल तरच घ्या. ते वादनाचं तंत्र आहे आणि त्यासाठी डाव्या पायाची काही महिन्यांची मेहनत लागते. घेतलंत तर दोन पेडलना जोडणारा दांडा जास्त तिरका ठेवू नका, आणि दोन्ही स्प्रिंगचा ताण सारखा करून मगच सरावाला बसा.

इलेक्ट्रॉनिक्स

१९८१ मध्ये सिमन्सचे षट्‌कोनी पॅड आले तेव्हा ते किटच्या जागी वापरले गेले. आज बहुतेक जण अकूस्टिक किटच्या जोडीला एक मल्टी-पॅड ठेवतात, आणि मला तीच पद्धत पटते. आठ-नऊ पॅडचा ऑक्टोपॅड किंवा सँपलिंग पॅड हाय-हॅटच्या वर डावीकडे ठेवला की टाळ्या, ८०८ या ड्रम मशीनचा खोल किक, हँड पर्कशन किंवा गाण्यातला एखादा खास आवाज हाताशी येतो. सँपल (साठवलेले आवाज) भरताना सगळ्यांची पातळी सारखी करून घ्या, आणि तीही खऱ्या किटबरोबर वाजवून. हेडफोनवर मोठा वाटलेला आवाज स्टेजवर गायब होतो. गाण्यांच्या क्रमानेच किट सेव्ह करा, म्हणजे अंधारात नंबर शोधावा लागत नाही.

ट्रिगर म्हणजे ड्रमच्या काठाला लावायचा पीझो सेन्सर. ठोका पडला की तो मॉड्यूलला (आवाज काढणाऱ्या यंत्राला) इशारा देतो. पहिला ट्रिगर किकला लावा, कारण फायदा तिथे सर्वांत जास्त आणि त्रास सर्वांत कमी. सेटिंगचा क्रम असा ठेवा. आधी सेन्सिटिव्हिटी: तुमचा सर्वांत जोराचा ठोका जेमतेम कमाल पातळीला पोचावा. मग थ्रेशोल्ड: शेजारच्या टॉमवर जोरात मारत राहा आणि किकचा ट्रिगर गप्प होईपर्यंत तो वाढवा, त्यापुढे नाही, नाहीतर हलके ठोके गिळले जातील. शेवटी मास्क टाइम: एका ठोक्याला दोन आवाज येत असतील तर तो थोडा थोडा वाढवा, आणि मग जलद डबल वाजवून दुसरा ठोका हरवत नाही ना ते तपासा.

आणि पॅड तुम्हाला स्वतःला ऐकू यायला हवा. त्यासाठी मॉनिटर किंवा इन-इअरची सोय नसेल तर पॅड घेणं पुढे ढकला.

मांडणी

नवीन वस्तू घेण्याआधी मोजमाप करा. पर्कशनचे क्लॅम्प पुष्कळदा ९.५ मिलिमीटर दांड्यासाठी असतात. सिंबल स्टँडचा वरचा आटा साधारण ८ मिलिमीटरचा, काही स्टँडवर ६ चा. एक माप चुकलं की वस्तू नुसती पडून राहते. मल्टी-क्लॅम्प आणि छोटा बूम आर्म घेतला तर एका स्टँडवर दोन-तीन गोष्टी बसतात, पण बूम ज्या दिशेला झुकतो त्याच दिशेला स्टँडचा एक पाय हवा. तसा नसेल तर पहिल्या जोरदार ठोक्याला सगळं कोसळतं.

जागा ठरवायची पद्धत सोपी आहे. सर्वसाधारण ठेका वाजवत राहा आणि तो न थांबवता नव्या वस्तूवर एक ठोका मारून परत हाय-हॅटवर या. खांदा उचलावा लागला, कंबर वळवावी लागली किंवा ठेका क्षणभर जरी अडखळला, तरी जागा चुकीची आहे. वस्तू जवळ आणा, खाली आणा, नाहीतर दुसरं काहीतरी हलवा. एका वेळी एकच वस्तू जोडा आणि ती निदान दोन-तीन कार्यक्रमांत वाजवून मगच पुढची घ्या.

कानांचं संरक्षण याच टप्प्यावर करा, कारण स्टॅक, चायना, दुसरा स्नेअर सगळे डोक्याच्या जवळ येतात. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची शिफारस आहे की ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला जास्तीत जास्त ८ तास राहावं, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं, आणि बंद खोलीत जोरात वाजणारा किट ती पातळी सहज गाठतो. फिल्टर असलेले इअरप्लग घ्या. फोमचे प्लग वरचे सूर जास्त कापतात, मग सिंबल ऐकू येत नाही म्हणून माणूस आणखी जोरात मारतो.

सगळं मनासारखं बसलं की प्रत्येक स्टँडच्या पायांपाशी गालिच्यावर रंगीत टेपच्या खुणा करा, दांड्यांवर मेमरी लॉक (उंची कायम राखणारी कडी) घट्ट करा आणि बैठकीवर बसून समोरचा आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. बॅगेत चावी, दोन जास्तीचे फेल्ट, दोन नळ्या, एक विंग नट, टेप आणि जेलचे तुकडे एका डबीत असू द्या. त्या डबीवर पॅडच्या अडॅप्टरचे व्होल्टही लिहून ठेवा, कारण घाईत दुसऱ्याचा अडॅप्टर जोडला जातो आणि मॉड्यूल जळतं.